परदेशी भांडवल कोणत्या दारानं येतं?



अलीकडे वर्तमानपत्र उघडावं तर पहिल्या पानावर एक वार्ता हमखास असते. अमुक देशातल्या तमुक कंपनीशी आपल्या राज्याचा करार झाला, इतके हजार कोटी येणार, इतक्या हजार हातांना काम मिळणार. करार बहुधा स्वित्झर्लंडातल्या दावोस गावी, बर्फात झालेला असतो. ती वार्ता वाचून आपल्याकडची मंडळी दोन तऱ्हेनं बोलतात. कोणी म्हणतो, "चला, पोरांच्या नोकरीचं बघायला नको आता." कोणी म्हणतो, "ईस्ट इंडिया कंपनी परत आली म्हणायची." आणि बाकीचे पान उलटून गुळाचा नि हळदीचा भाव बघतात.

आमचं म्हणणं असं, की तिन्ही मंडळींनी जरा दम धरावा. परदेशी भांडवल हा विषय सातारा-सांगलीला काल-परवा कळलेला नाही. ते आपल्याकडे कर्ज म्हणून आलं आहे, भागीदार म्हणून आलं आहे आणि मालक म्हणूनही आपल्या शिवेपर्यंत येऊन ठेपलं आहे. प्रत्येक वेळी त्याचं दार वेगळं होतं. कोणत्या दारानं आलं आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे राहिली, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

निवडुंगाच्या माळावर

सुरुवात परदेशापासून नको, कुंडल रोड स्टेशनपासून करू. बेळगावात सायकलीचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा प्रवास केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली. त्यांना औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातला या स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला आणि वर उभारणीसाठी कर्जही दिलं. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. आज तो भाग सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतो. सांगली जिल्हाच मुळी १९४९ साली दक्षिण सातारा या नावानं जन्मलेला, त्यामुळं या कामगिरीवर दोन्ही जिल्ह्यांनी हक्क सांगायला हरकत नाही.

लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते अशी त्या वेळी शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर खपायलाच मोठा काळ गेला. पण एकदा का खोल नांगरटीचं पीक डोळ्यांनी बघितलं, मग काय! इकडे सातारा रोडला कूपरांचा कारखानाही नांगर करू लागला. पुढं उसाचे चरक, पंप आणि इंजिनं आली. कृष्णाकाठच्या उसाचा इतिहास लिहायचा झाला तर अर्धा पाण्याचा आणि अर्धा पंपाचा लिहावा लागेल. नदी पूर्वीही वाहतच होती, पाणी दरडीवर चढत नव्हतं. ते चढवलं इंजिनानं.

आता मुद्द्याचं. या किर्लोस्करवाडीचं भांडवल कुठलं? संस्थानिकाचं कर्ज, भाऊबंदांचा पैसा आणि पुढं भागधारकांचा. सगळं घरचं. मात्र इंजिनाची विद्या घरची नव्हती. ती बाहेर होती, आणि तिच्यासाठी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जाऊन शिकून आले. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला तो ब्रिटिश कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून. १९६२ साली त्याहून मोठी उडी झाली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी आणि किर्लोस्कर यांनी मिळून पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स काढली. निम्मा हिस्सा अमेरिकेचा, उरलेल्यात किर्लोस्कर आणि आपल्याकडचे सर्वसाधारण भागधारक.

याला आम्ही पुढच्या दारानं येणं म्हणतो. यजमान घरात आहे, त्याला स्वतःचा धंदा येतो, पाहुण्याकडून काय शिकायचं ते ठरलेलं आहे आणि कागद समोरासमोर बसून झालेला आहे.

तो काळही तसा कडक होता. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानं बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. कोकाकोला आणि आयबीएम यांना ते मानवलं नाही, दोघीही १९७७-७८ मध्ये देश सोडून गेल्या. पुढं १९९१ साली वारं फिरलं. तिजोरीतलं परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सोनं गहाण पडलं होतं. त्या वर्षीच्या नव्या औद्योगिक धोरणानं अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला विनासायास परवानगी दिली. पन्नास आणि एक्कावन्न यांत अंतर एका टक्क्याचं, पण निम्म्याचा धनी आणि मालक यांतलं अंतर तेवढंच असतं. १९९७ मध्ये किर्लोस्करांनी या कंपनीतला आपला हिस्सा सोडला आणि पाटीवर नुसतं कमिन्स राहिलं.

वाईट वाटलं का? आम्हाला जरा वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याच कंपनीनं २०१० च्या सुमारास आपल्या फलटणजवळ मोठं कारखाना-संकुल उभारायला घेतलं. टाटांबरोबरच्या भागीदारीतला इंजिनांचा कारखानाही तिथं आहे. नीरा उजव्या कालव्याचा हा टापू. साखरवाडी इथलीच, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र याच तालुक्यात. जिथं पोरगा एक तर उसात नाही तर पुण्याच्या गाडीत, तिथं आज डबा घेऊन सायंकाळी घरी परतणारी मुलं आणि विशेष म्हणजे मुली दिसतात. दोन एकरांच्या चार वाटण्या झालेल्या घराला असा एक पगार म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कुंडलच्या माळावरून निघालेला धागा अमेरिकेला वळसा घालून फलटणच्या माळावर आला, असं आम्ही समजतो.

तरी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. असं भांडवल येतं तसं उठूनही जातं. जनरल मोटर्सनं तळेगावला २००८ साली मोटारी करायला सुरुवात केली. २०१७ अखेर या देशात विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये कारखानाच बंद केला. निर्णय झाला तो हजारो मैलांवर, आणि तो तळेगावच्या कामगाराला नोटिशीवरून कळला. पुढं ती जागा ह्युंदाईनं घेतली, म्हणजे शेड रिकामी राहिली नाही हे खरं. पण मधल्या वर्षांतले घराचे हप्ते कोणी फेडले?

एकाच पाण्याच्या दोन टोकांना

कर्जाचं सांगताना कोयना सोडून चालणार नाही. पाटण तालुक्यातलं हे धरण म्हणजे आपल्या पंपांची वीज. त्याच्या उभारणीला साठच्या दशकात जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आणि पुढं चौथ्या टप्प्यालाही मिळालं. या चौथ्या टप्प्यात १९९९ साली धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाखालून बोगदा फोडला. ते तंत्र नॉर्वेकडून घेतलेलं. कर्ज परदेशी, तंत्र परदेशी, पण धरण महाराष्ट्राचं आणि वीजही महाराष्ट्राची. सावकाराला हप्ता देणं लागतो, वाड्याची चावी देणं लागत नाही. या हिशेबात एक रक्कम मात्र कुठल्याच ताळेबंदात नाही. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढले आहेत. कर्ज बँकेचं फिटतं, त्यांचं कधी फिटायचं?

आता याच पाण्याबरोबर घाट उतरू. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत. खाडीच्या तोंडाशी, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा वीजप्रकल्प झाला. पहिला करार १९९२ चा. १९९५ मध्ये तो रद्द, मग नव्यानं वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू. इथं पैसा कर्ज म्हणून आला नव्हता, मालक म्हणून आला होता. आपल्या वीज मंडळानं वीज घेवो न घेवो, ठरलेला आकार द्यायचाच असं कलम होतं. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. रुपया पडला की बिल चढे, नाफ्था महागला की बिल चढे. २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. तो प्रकल्प शेवटी सरकारी कंपन्यांनाच सावरावा लागला.

एकाच पाण्याच्या दोन टोकांना हे दोन नमुने उभे आहेत. आमच्या मते परदेशी भांडवलावर भाषण ठोकणाऱ्या प्रत्येकाला एकदा पोफळी ते अंजनवेल अशी सहल घडवून आणावी.

आता उसाकडे

इथवर वाचून एखादा सभासद म्हणेल, इंजिनं झाली, वीज झाली, पण आपल्या उसाचा याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

आपले कारखाने उभे कसे राहिले हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाट पाडली आणि १९५०-५१ ला पहिला हंगाम घेतला. मग कृष्णाकाठीही एकामागून एक कारखाने निघाले. भांडवल तीन ठिकाणांहून आलं. थोडं सभासदांच्या शेअर्समधून, थोडं सरकारी भागभांडवलातून आणि मोठा भाग औद्योगिक वित्त महामंडळाच्या कर्जातून. त्या कर्जाचे हप्ते फेडायला आणि पुढं विस्तार करायला बिलातून टनामागे ठेव कापली गेली. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. समजा टनाला दहा रुपये कापले आणि घरातून पन्नास टन ऊस गेला, तर वर्षाला पाचशे. एका घराचे पाचशे म्हणजे काहीच नाही. पण दहा हजार घरं आणि वीस हंगाम धरा, मग ते दहा कोटी होतात. सुरुवातीची यंत्रसामग्री बहुतांशी परदेशातून आली, पण ती विकत घेतलेली होती. तिच्याबरोबर मालक आला नाही.

म्हणजे ज्याला आज मोठ्या शब्दात गुंतवणूक म्हणतात ती आपल्या आजोबांनी केली आहे. फक्त त्यांनी तिला 'कपात' म्हटलं, आणि बिल हातात आल्यावर शिव्या घालत म्हटलं.

सहकारी कारखान्याचा कायदाही असा, की कोणी कितीही शेअर्स घेवोत, मत एकच. त्यामुळं परदेशी भांडवल इथं पुढच्या दारानं येऊन मालक होऊ शकत नाही. ते येतं मागच्या दारानं, आणि ते दार उघडतं थकलेल्या कर्जानं. कसं ते शेजारीच घडलं आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या मुनवळीला १९९८ मध्ये रेणुका शुगर्स निघाली. आंध्रातल्या एका आजारी कारखान्याची यंत्रं आणून सुरुवात, ऊसवाल्यांनाही शेअर्स. कंपनी झपाट्यानं वाढली. अडचणीतले सहकारी कारखाने ती भाड्यानं चालवायला घेऊ लागली. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीजवळ उभा केलेला पंचगंगा कारखाना असाच तिच्याकडे भाडेतत्त्वावर गेला. २०१० मध्ये तर या कंपनीनं ब्राझीलमधल्या दोन साखर कंपन्यांवर ताबा मिळवला. बेळगावची कंपनी ब्राझीलच्या गव्हाणीत मोळी टाकणार, म्हणून आपल्याकडे छाती फुगली होती.

आमचीही फुगली होती. ब्राझील म्हणजे उसाची पंढरी. १९७५ पासून त्यांनी उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवल्या, आपल्याकडे इथेनॉल हा शब्द खेड्यात पोचायच्या कितीतरी आधी. पण धंद्याचं गणित बघा. ब्राझीलच्या कंपन्यांवर डॉलरचं कर्ज होतं. २०११ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव तीस वर्षांतला उच्चांक गाठून होता. त्यानंतर हवामानानं तिथला ऊस घटला, पेट्रोलचे भाव सरकारनं दाबून धरल्यामुळं इथेनॉल पडून राहिलं, ब्राझीलचं चलन घसरलं, आणि २०१५ पर्यंत साखरेचा भाव उच्चांकाच्या तिसऱ्या हिश्शावर आला. त्याच वर्षी तिथल्या कंपनीला कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. दाभोळच्या खाडीत आपल्या वीज मंडळाचं जे झालं तेच इथं उलट्या दिशेनं झालं. मिळकत एका चलनात आणि देणं दुसऱ्या चलनात, मग माणूस बेळगावचा असो की ह्यूस्टनचा.

या ओझ्याखाली असताना सिंगापूरची विल्मर कंपनी आली. आपल्या घरातल्या फॉर्च्युन तेलाच्या पिशवीमागं भागीदार म्हणून होती तीच ही. २०१४ मध्ये तिनं रेणुकाचे चतुर्थांशाहून थोडे अधिक शेअर्स घेतले आणि २०१८ मध्ये कंपनीवर ताबाच मिळवला.

आता पंचगंगेच्या ऊसवाल्या सभासदाच्या जागी उभे राहून बघा. आजोबांनी शेअर घेतला सहकारी कारखान्याचा. कारखाना भाड्यानं गेला बेळगावच्या कंपनीकडे, याची निदान गावात चर्चा झाली असेल. पण ती कंपनी सिंगापूरची झाली ती शेअरबाजारात आणि बँकांच्या बैठकांत. त्यासाठी त्याच्या गावात सभा झाली नाही, हात वर करा असं कोणी म्हटलं नाही. त्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या राजगोळीचा खाजगी कारखानाही सिंगापूरच्याच ओलम कंपनीनं घेतलेला. सांगलीत तर खुद्द वसंतदादांनी उभारलेला, एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाणारा शेतकरी कारखाना २०१७ मध्ये खाजगी कंपनीला भाडेतत्त्वावर द्यावा लागला. ती कंपनी इथलीच आहे. पण कंपनीचे शेअर्स उद्या कोणाकडे असतील हे आपण कसं सांगणार?

"बिल पडलं म्हंजे झालं"

गेल्या हंगामात काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागली असता हाच विषय निघाला. एका वयस्कर सभासदानं आम्हाला तोंडावर सांगितलं, "तुमचं पुराण राहू द्या. मालक सिंगापूरचा असो का शिराळ्याचा, बिल चौदा दिवसांत पडलं म्हंजे झालं. सहकारी कारखान्यांनी आम्हाला किती येळा रखडवलंय ते लिवा की कधी!"

तात्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. एफआरपी चौदा दिवसांत देण्याचं बंधन सहकारी आणि खाजगी दोघांनाही सारखंच आहे, आणि थकवणाऱ्यांच्या यादीत सहकाराची नावं काही कमी नसतात. राज्यातले निम्मे कारखाने आज खाजगी आहेत ते उगाच नाही. आपल्याच कार्यक्षेत्रातला ऊस रात्रीचा शेजारच्या काट्यावर जातो, तो काही देशद्रोह म्हणून नव्हे. नीट चालवलेला खाजगी कारखाना बुडालेल्या सहकारी कारखान्यापेक्षा शेतकऱ्याला बरा, हे आम्ही इथं छापून देतो.

पण तात्या, फरक चांगल्या वर्षी दिसत नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि ऊस निम्म्यावर येतो, त्या वर्षी बॉयलर पेटवायचा की नाही हे कोण ठरवतं? अर्कशाळेचा नफा इथं गुंतवायचा की दुसऱ्या देशातला खड्डा बुजवायला न्यायचा, हे कोण ठरवतं? तळेगावात ते तळेगावकरांनी ठरवलं नाही. तात्यांनी यावर तंबाखू मळली आणि म्हणाले, "आन् हितं आम्ही ठरवतो व्हय?"

हा प्रश्न आम्हाला लागला. कागदावर उत्तर 'हो' आहे. वर्षाचा हिशेब मार्चअखेर बंद होतो आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अहवाल छापून मिळतो. त्यातले चेअरमनसाहेबांचे मनोगत आणि फोटो सगळे बघतात. ताळेबंदाच्या पानावर भागभांडवल, राखीव निधी आणि ठेवी एकाखाली एक असतात, त्यांच्याखाली कर्जं. पूर्वहंगामी कर्ज आणि साखर तारणावरचं कर्ज हे दरसालचं असतं, साखर विकली की फिटतं. त्यात भिण्यासारखं फार नाही. बघायचं ते मुदती कर्ज. सहवीज आणि अर्कशाळा यांसाठी काढलेलं. त्याचा यंदाचा हप्ता नफ्यातून आणि घसाऱ्यातून भरला, की नवीन कर्ज काढून भरला? गेल्या वर्षीच्या रकमेच्या शेजारी यंदाची रकम छापलेली असते, नुसती नजर टाकली तरी चढ-उतार कळतो. आणि परिशिष्टात सभासदांच्या ठेवींची रकम असते. ती परत द्यायची आहे की शेअर्समध्ये वर्ग करायची आहे, याबद्दल ठराव असतो किंवा नसतो.

मागच्या तीन सभांना आम्ही टिपणं घ्यायला पुढच्या ओळीत होतो. उताऱ्यावर प्रश्न आले, तोडणीच्या तारखांवर भांडणं झाली, सवलतीच्या साखरेवर तर माइकची ओढाओढ झाली. मुदती कर्जाच्या हप्त्याबद्दल एकच प्रश्न आला, तो एका बाईंनी विचारला. नवरा वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झालेला. उत्तर सुरू झालं तोवर मंडप जेवणाकडे उठला होता. उत्तर चांगलं सविस्तर होतं, आमच्या टिपणात पूर्ण आहे. कोणाला हवं असल्यास शेतकी कार्यालयात येऊन वाचता येईल.